अभिरूप सार्वमत कसे घ्यावे

स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ रोजी ब्रिटनपासून स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मतदान झाले. तिथली मतदान केंद्रे सकाळी सात वाजता उघडली, तेव्हा पुण्यात साडेअकरा वाजले होते. ती रात्री दहाला बंद झाली, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजले होते. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी पुण्याहून एडिंबरा-ग्लासगोला गेलेल्या आणि तिथे रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मतदारयादीत नाव नोंदवून त्या दिवशी मत देता येत होते, कारण स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तो हक्क दिलेला होता. उलट, स्कॉटलंडमध्ये जन्मून लंडनला स्थायिक झालेल्या माणसाला मत नव्हते. एवढी माहिती एखाद्या पुणेकर बैठकीत नुसती वाचून दाखवली, तरी पाच मिनिटांत खोलीचे दोन भाग होतात. देश तिथे राहणाऱ्याचा की तिथे जन्मलेल्याचा, या प्रश्नाचा पूर्वी कधी विचारही न केलेली माणसे आवाज चढवून बोलू लागतात.

कोथरूडच्या आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही अभिरूप संसदेच्या धर्तीवर अभिरूप सार्वमत घेतो. एखाद्या देशात झालेले स्वातंत्र्याचे सार्वमत निवडायचे, त्याचा प्रचार, मतदान, मोजणी आणि निकाल चाळीस-पन्नास माणसांत पुन्हा घडवायचे, आणि त्या दिवशी माणसांच्या मनात काय होते ते पाहायचे, असे त्याचे स्वरूप आहे. सोसायटीच्या सभागृहात, महाविद्यालयाच्या वर्गात किंवा गणेश मंडळाच्या कार्यालयात हे कोणालाही करता येईल. त्यासाठी तीन रविवार, दोन मतपेट्या आणि भरपूर संयम लागतो.

मांडणी सांगण्याआधी माझा आग्रह सांगतो, कारण पुढचा प्रत्येक नियम त्यातून निघाला आहे. विधानसभेची निवडणूक हरलेल्या माणसाला पाच वर्षांनी पुन्हा संधी असते आणि तिची वेळ त्याला साधारण ठाऊक असते. स्वातंत्र्याच्या सार्वमतात हरलेल्या माणसापुढे अशी कोणतीही तारीख नसते. त्याने ज्याला आपला देश मानले तो देश मिळालेला नसतो किंवा हातातून गेलेला असतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या शेजाऱ्याबरोबर त्याला एकाच जिन्यावरून उतरायचे असते. म्हणून प्रत्येक नियम ठरवताना आयोजकांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा, की हा नियम हरणाऱ्या बाजूला निकालानंतरही न्याय्य वाटेल का. उत्तर नाही असेल तर नियम बदलावा, आणि तो प्रचार सुरू होण्याआधी बदलावा.

विषय निवडताना

विषय परदेशातला आणि निकाल लागून गेलेला असावा. भारतातील कोणत्याही प्रदेशाचा प्रश्न या पद्धतीने घेऊ नये. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीपासून देशाच्या सार्वभौमत्वाच्या आणि अखंडतेच्या रक्षणासाठी भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हे तर आहेच. पण माझे मुख्य कारण वेगळे आहे. जिथे माणसे खरोखर दुःख भोगत आहेत, तिथले दुःख रविवारच्या उपक्रमाचे साहित्य होऊ नये. स्कॉटलंड २०१४, क्यूबेक (कॅनडातला फ्रेंचभाषक प्रांत) १९९५ आणि मॉन्टेनेग्रो (तेव्हा सर्बियाशी जोडलेला युरोपातला छोटा प्रदेश) २००६ ही तीन सार्वमते आमच्या अनुभवात सर्वांत चांगली चालतात, कारण तिन्ही ठिकाणी दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. दक्षिण सुदानमध्ये जानेवारी २०११ मध्ये ९८.८३ टक्के मते वेगळे होण्याच्या बाजूने पडली. ते सार्वमत ऐतिहासिक दृष्ट्या फार मोलाचे असले, तरी शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला मतभेद समजून घेण्यासाठी ते उपयोगी पडत नाही.

पहिल्या रविवारी परदेशाकडे वळण्याआधी एक तास गोव्याच्या जनमत कौलाला द्यावा, आणि हा तास कधीही वगळू नये. १६ जानेवारी १९६७ चा तो कौल स्वातंत्र्याविषयी नव्हता. गोवा भारतातच राहणार होता. त्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, एवढेच ठरायचे होते. विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते आणि केंद्रशासित प्रदेशाचे चिन्ह दोन पाने. विलीनीकरणाला १,३८,१७० मते मिळाली, विरोधात १,७२,१९१ पडली, आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. पुण्यात हा तास महत्त्वाचा ठरतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची माणसे त्या दिवशी हरलेल्या बाजूची होती. केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती १९५६ मध्ये याच शहरात स्थापन झाली. तिच्या सभा ऐकत वाढलेल्या पिढीला गोव्याचा निकाल समजून घेणे सोपे गेले नाही. मराठी बोलणाऱ्या, मराठी वाचणाऱ्या, मराठी नाटके डोक्यावर घेणाऱ्या माणसांनी आपल्याला नको म्हटले, असे अनेकांना वाटले. ज्यांनी दोन पानांवर शिक्का मारला त्यांनी आपल्याला नाकारले नव्हते, त्यांनी स्वतःची कोकणी ओळख राखली होती, हे उमगायला काही घरांत एक पिढी जावी लागली.

म्हणून सभागृहातील ज्येष्ठांना आधी बोलू द्यावे. त्यांना त्या वेळी घरात काय बोलले गेले तेवढेच विचारावे आणि कोणाचीही चूक दुरुस्त करू नये. त्यानंतर दोन गोष्टी सांगाव्यात. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे पुरस्कर्ते होते. सत्तेत राहून त्यांनी मतदानावर प्रभाव टाकला असे कोणी म्हणू नये म्हणून कौलाआधी त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आणि कौलात हरल्यावर काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्यांचाच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर आला. गोव्याच्या मतदारांनी प्रदेशाचे भवितव्य आणि सरकार हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. हा तास नीट झाला की पुढे ग्लासगोच्या किंवा क्यूबेकमधल्या मॉन्ट्रियलच्या हरलेल्या माणसाविषयी बोलताना सभागृहाचा सूर बदललेला असतो.

‘कौल’ या शब्दावरही थोडे थांबावे. कोकणात देवाला कौल लावतात, तेव्हा मूर्तीवर लावलेली पाकळी कोणत्या बाजूने पडते ते पाहतात, आणि भांडणारे दोघेही तो निकाल मानतात. कारण प्रश्न काय विचारायचा आणि कोणती पाकळी म्हणजे काय, हे दोघांच्या समक्ष आधी ठरलेले असते.

प्रश्न, मतदार आणि बहुमत

मतपत्रिकेवरील प्रश्न दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून मराठीत लिहावा. स्कॉटलंडच्या सरकारने सुचवलेल्या पहिल्या मसुद्यात ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी आपण सहमत आहात का’ अशी रचना होती. निवडणूक आयोगाने ती लोकांसमोर तपासून पाहिली आणि ‘सहमत आहात का’ हे शब्द होकाराकडे ढकलतात असे सांगून २०१३ च्या सुरुवातीला बदल सुचवला; अखेरीस ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का’ एवढाच प्रश्न उरला. मराठीत हा धोका अधिक आहे. आपण सहज ‘असे तुम्हाला वाटत नाही का?’ असे विचारतो, आणि त्याला ‘हो’ म्हणणाऱ्याने नेमके काय मान्य केले हे कोणालाच कळत नाही. क्यूबेकचा १९९५ चा प्रश्न तर कॅनडापुढे आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा प्रस्ताव ठेवल्यानंतर सार्वभौम व्हावे का, असा होता आणि त्यात एका विधेयकाचा आणि एका कराराचाही उल्लेख होता. त्या प्रश्नाचे मराठी भाषांतर मोठ्याने वाचून घ्यावे आणि प्रत्येकाला त्याचा अर्थ एका वाक्यात लिहायला सांगावे. वीस माणसे निदान पाच वेगवेगळे अर्थ लिहितात. याच अनुभवातून कॅनडाच्या संसदेने २००० मध्ये प्रश्नाच्या आणि बहुमताच्या स्पष्टतेविषयी कायदा केला.

मतदार कोण, हे ठरवताना सोसायटीचे उदाहरण घ्यावे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत अमेरिकेत स्थायिक झालेल्या सदनिकाधारकाला सभासद म्हणून मताचा हक्क असतो आणि दहा वर्षे त्याच इमारतीत राहून पाणीटंचाई सोसणाऱ्या भाडेकरूला तो नसतो. स्कॉटलंडने याच्या अगदी उलट केले. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलणारे लोक एकाच इमारतीत निघतात, आणि मला हा सगळ्या उपक्रमातला सर्वांत जिवंत वाद वाटतो. त्याला वेळेचे बंधन घालू नये. स्कॉटलंडमध्ये सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलांनाही त्या मतदानात हक्क होता, तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलांना आपणही मतदार करावे. ती मुले सभागृहात असली की मोठी माणसे अधिक जबाबदारीने बोलतात.

किती मते पुरेशी मानायची, हेही आधीच फळ्यावर लिहून ठेवावे. १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतंत्र विधिमंडळ देण्याच्या प्रश्नावर ५१.६ टक्के मतदारांनी होकार दिला. पण एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अट होती आणि तो ३२.९ टक्केच भरला, त्यामुळे प्रस्ताव बारगळला. जिंकूनही हरल्याची ती भावना पुढे अनेक वर्षे तिथल्या राजकारणात टिकून होती. मॉन्टेनेग्रोमध्ये मे २००६ मध्ये ५५ टक्क्यांची अट होती आणि होकार ५५.५ टक्के झाला. अट ठेवावी की नाही, यावर माझे मत असे आहे की देश बदलणाऱ्या निर्णयाला साधे बहुमत अपुरे वाटू शकते, तरी झालेल्या मतदानावरच अट ठेवावी. घरी बसलेल्यांची गणना विरोधात करणारी अट माणसांना केंद्रावर न येण्याचे बक्षीस देते.

प्रचार

बाजू चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, म्हणजे कोणाच्याही बोलण्यावरून त्याचे खरे मत ओळखता येणार नाही; मतदान मात्र प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे करावे. दुसऱ्या रविवारी प्रत्येक बाजूला पंचवीस मिनिटे द्यावीत आणि एकच नियम कडकपणे पाळावा: वक्त्याने आधी समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा असा मांडावा, की समोरच्यांनी ‘होय, आम्हाला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणावे. आपल्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडण्याची जी रीत होती, तीच ही रीत आहे. स्कॉटलंड घेतले असेल, तर स्वतंत्र झाल्यावर पौंड वापरता येईल का, उत्तर समुद्रातल्या तेलाचे उत्पन्न कोणाचे, युरोपीय संघातील स्थान राहील का आणि निवृत्तिवेतन कोण देणार, हे प्रश्न मतदानापूर्वी खरोखर गाजले होते. वक्त्यांनी त्यांवर तयारी करावी. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. तोच नियम इथेही लावावा आणि तो व्हॉट्सॲपच्या गटालाही लागू करावा, कारण आमच्याकडे सर्वांत कडवट वाक्ये शनिवारी रात्री तिथेच लिहिली गेली होती.

मतदानाचा दिवस

तिसऱ्या रविवारी दुपारी मतदान ठेवावे आणि त्याला पूर्ण दोन तास द्यावेत. मतदारयादी, केंद्राध्यक्ष, दोन्ही बाजूंचे एकेक प्रतिनिधी, पडद्याआडचे टेबल आणि कुलूपबंद मतपेटी या गोष्टी खऱ्या मतदानासारख्याच असाव्यात. पती-पत्नींना एकत्र पडद्याआड जाऊ देऊ नये. तीस वर्षे एकत्र संसार केलेल्या जोडप्याने तिथून वेगवेगळी मते देऊन बाहेर येणे हाच या दिवसाचा गाभा आहे. स्कॉटलंडमध्येही अनेक घरांत एकाच टेबलावर जेवणाऱ्यांची मते विरुद्ध होती. ‘तुम्ही कोणाला दिले’ असे त्या दिवशी कोणीही कोणालाही विचारू नये; कोणी आपणहून सांगितले, तर ऐकून घ्यावे आणि त्यावर बोलू नये.

मतपेटीशेजारी दुसरी पेटी ठेवावी. प्रत्येक मतदाराने मत दिल्यावर एका चिठ्ठीवर, नाव न लिहिता, एकच वाक्य पूर्ण करावे: ‘माझी बाजू हरली, तर मला भीती वाटते की...’ आपली बाजू कोणती, हे मात्र चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहावे. केंद्र बंद झाल्यावर, मते मोजण्याआधी, या चिठ्ठ्या मोठ्याने वाचाव्यात. होकाराच्या बाजूच्या चिठ्ठ्या नकाराच्या प्रतिनिधीने आणि नकाराच्या बाजूच्या होकाराच्या प्रतिनिधीने. ही कल्पना आमच्या कट्ट्यावरच्या एका निवृत्त परिचारिकेची आहे आणि सगळ्या उपक्रमात तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. ‘माझ्या नातवाला मला भेटायला पारपत्र लागेल’, असे नकाराच्या बाजूच्या एका चिठ्ठीवर होते. होकाराच्या बाजूच्या एका चिठ्ठीवर लिहिले होते, की ‘आम्ही स्वतःवर विश्वास ठेवू शकलो नाही, असे मुलांना सांगावे लागेल’. आपल्याच आवाजात समोरच्याची भीती उच्चारावी लागली, की माणूस ती हसण्यावारी नेऊ शकत नाही.

कोणी मतदानाला येणारच नाही, असे म्हटले, तर त्याला समजावत बसू नये. त्याचे कारण नोंदवून घ्यावे. स्पेनमधल्या कॅटलोनियात १ ऑक्टोबर २०१७ रोजी, न्यायालयाने स्थगित केलेल्या मतदानात, सुमारे ९० टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. पण मतदान ४३ टक्क्यांच्या आसपासच झाले, कारण विरोधातील बहुतेक लोक केंद्रांकडे फिरकलेच नाहीत. न येणे हीदेखील त्या दिवशी व्यक्त झालेली भावना असते आणि निकालाच्या कागदावर तिची नोंद असावी.

मोजणी आणि निकाल

मते एकदम मोजू नयेत. गठ्ठे करून, प्रत्येक गठ्ठ्यानंतर आकडा फळ्यावर लिहावा. क्यूबेकमध्ये ३० ऑक्टोबर १९९५ च्या रात्री सुरुवातीला होकार पुढे होता आणि मॉन्ट्रियलची मते येऊ लागली तशी ती आघाडी विरघळत गेली. अखेरीस ५०.५८ टक्के विरुद्ध ४९.४२ टक्के असा निकाल लागला. फरक ५४,२८८ मतांचा होता आणि बाद ठरलेली मते ८६ हजारांहून अधिक होती. त्या बाद मतांवरून पुढे दीर्घकाळ वाद चालला. तेव्हा कोणते मत बाद, याचे नियम मोजणीआधी वाचून दाखवावेत आणि शंकास्पद प्रत्येक मतपत्रिका दोन्ही प्रतिनिधींना हातात घेऊन पाहू द्यावी. चाळीस मतांत एक बाद मतसुद्धा किती छळते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

निकाल जाहीर करताना टाळ्या वाजवू नयेत. पहिल्या वर्षी आम्ही हा नियम केला नव्हता. एका बाजूने टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टीही वाजवली, आणि पुढच्या रांगेतल्या एक ज्येष्ठ बाई पिशवी उचलून निघून गेल्या. त्या पुढचे सहा महिने कट्ट्यावर आल्या नाहीत. प्रश्न परक्या देशाचा होता आणि मतदान खोटे होते, तरीही त्यांना लागले ते खरे होते. त्याची जबाबदारी माझी होती, आणि तेव्हापासून निकालाचा कागद मी दोन्ही आकडे सारख्याच आवाजात वाचून खाली ठेवतो.

त्यानंतर पहिले भाषण हरलेल्या बाजूचे असावे, पाच मिनिटांचे, आणि जिंकलेल्या बाजूने त्याला उत्तर देऊ नये. वक्त्याला तयारीसाठी दोन उदाहरणे आधी द्यावीत. १९८० चे पहिले सार्वमत हरल्यावर क्यूबेकचे तेव्हाचे मुख्यमंत्री रेने लेव्हेक यांनी समर्थकांना सांगितले, की तुमचे म्हणणे मला नीट कळले असेल, तर तुम्ही ‘पुढच्या वेळेपर्यंत’ असे म्हणत आहात. १९९५ मध्ये त्यांच्याच पक्षाचे तेव्हाचे मुख्यमंत्री जाक पारिझो यांनी पराभवाचे खापर पैशावर आणि वांशिक अल्पसंख्याकांच्या मतांवर फोडले, आणि दुसऱ्याच दिवशी पद सोडत असल्याचे जाहीर केले. दोघेही तितकेच दुखावलेले होते. एकाने आपल्या लोकांना धीर दिला आणि दुसऱ्याने आपल्याच शेजाऱ्यांना परके ठरवले.

सभागृह लगेच रिकामे करू नये. चहा निकालानंतर ठेवावा, आधी नाही, आणि खुर्च्या गोल मांडाव्यात. या वेळात खरा निकाल सांगावा: स्कॉटलंडमध्ये ८४.६ टक्के मतदान झाले, ५५.३ टक्के नकार आणि ४४.७ टक्के होकार आला. ग्लासगो आणि डंडी होकाराच्या बाजूने राहिली, तर एडिंबरा नकाराच्या. १९ सप्टेंबरच्या संध्याकाळी ग्लासगोच्या जॉर्ज चौकात दोन्ही बाजूंचे लोक समोरासमोर येऊन तणाव झाला, आणि २१ तारखेला एडिंबरातील सेंट जाइल्स चर्चमध्ये समेटासाठी प्रार्थनासभा झाली. हरलेली बाजू विरून गेली नाही. मे २०१५ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने स्कॉटलंडमधील ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. गोव्याचा तास ज्यांनी मनापासून ऐकला असेल, त्यांना इथे बांदोडकरांची आठवण होते.

मतपत्रिका दोन्ही प्रतिनिधींसमोर फाडून टाकाव्यात, म्हणजे कोणी घरी जाऊन अक्षर ओळखत बसणार नाही. भीतीच्या चिठ्ठ्या मात्र जपून ठेवाव्यात. आठ दिवसांनी पुन्हा एक तासाची बैठक घ्यावी, तिला हरलेल्या बाजूच्या प्रत्येकाला फोन करून बोलवावे, आणि जिंकलेल्या बाजूने त्या चिठ्ठ्यांतली एकेक भीती घेऊन ती खरी ठरू नये म्हणून आपण काय करू, ते सांगावे. नातवाच्या पारपत्राच्या चिठ्ठीला आमच्याकडे चाळीस मिनिटे लागली.